दोघांची दोन मृत्युपत्रं

बारामती

चि. संजय व चि. सौ. सुनंदा यांस अनेक आशीर्वाद.

मुलगी सासरी सुखात आहे, मुलगा पुण्यात मार्गी लागला. आता तुम्ही दोघांनी मृत्युपत्रं करावीत, म्हणून लिहितो.

संजय, फोनवर तू म्हणालास, "माझ्यामागं सगळं सुनंदाचंच की." तसं नसतं. भिगवणचं घर आणि तू घेतलेली जमीन तुझ्या एकट्याच्या नावावर आहे. काही न लिहिता गेलास, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं तुझी आई, सुनंदा, मुलगा आणि मुलगी यांना सारखा हिस्सा मिळेल. जिनं तुझ्या बरोबरीनं घर उभं केलं, तिचा त्यात वाटा चार आणे! सातबाऱ्यावर चार नावं चढली, की ऊसकर्जालाही तिला सगळ्यांच्या सह्या मागत फिरावं लागेल.

दोघांत मिळून एकच कागद करू नका, दोन स्वतंत्र करा. तुझ्यात सगळं तिला, तिच्यात सगळं तुला, आणि दोघांच्या पश्चात मुलांना. दोघं एकाच वेळी गेलात तर काय, तेही लिहा.

खरा प्रश्न पुढंच आहे. मागं राहिलेल्यानं आपलं मृत्युपत्र बदलावं की नाही? 'बदलणार नाही' असं आपसांत ठरवून परस्पर मृत्युपत्रं केली आणि एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्यानं लाभ घेतला, तर तो बांधला जातो. भचेच प्रकरणात सुप्रीम कोर्टानं 1986 साली हेच सांगितलं. माधवप्रसाद आणि प्रियंवदा बिर्ला यांनी 1982 साली परस्पर मृत्युपत्रं केली होती. माधवप्रसाद 1990 मध्ये वारले. 2004 मध्ये बाई गेल्या, आणि राजेंद्रसिंह लोढा यांच्या नावानं केलेलं त्यांचं 1999 चं मृत्युपत्र पुढं आलं. तो कज्जा वीस वर्षांतही मिटला नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एकमेकांचे हात बांधू नका. तुझ्यामागं सुनंदाला कदाचित वीस वर्षं काढायची आहेत. दवाखान्यासाठी पैसा लागला, तर तिला कुणाकडं बघावं लागू नये. 'हयातीपर्यंत उपभोग' लिहिलंस, तर गुंठाभर विकायचं म्हटलं तरी वाद उभा राहील. 'पूर्ण मालकी हक्कानं' असं लिही, आणि बदलण्याचा अधिकार दोघांनाही राहील, हे दोन्ही कागदांत घाला. उद्या तिनं सांभाळणाऱ्या लेकराला जास्त दिलं, तर तो तिचा हक्क आहे.

वडिलोपार्जित जमिनीत फक्त तुझ्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. 2005 पासून त्यात मुलगीही जन्मानं हिस्सेदार आहे. उजनीच्या पुनर्वसनातली जमीन सातबाऱ्यावर वर्ग 2 असेल, तर तिच्या अटी तहसील कचेरीत विचारून घे. बँकेत सुनंदा नॉमिनी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या गुंतवणुकीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2023 मध्ये नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असाच निकाल दिला.

दोन साक्षीदार तुमच्याहून वयानं लहान, मिळकतीत काही न मिळणारे असावेत. तुम्ही सही करताना त्यांनी पाहावं, मग तुमच्यासमोर सह्या कराव्यात. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी इंदापूरला दुय्यम निबंधकांकडं करून टाका.

दिवाळीला दोन्ही मुलं येतील, तेव्हा त्यांना समोर बसवून दोन्ही कागद वाचून दाखवा. आणि मुलीला लग्नात दिलं म्हणून तिचं नाव वगळू नका.

तुमचा,
नानाकाका