शिवेवरचा प्रश्न : वाघबारस, वर्गनाट्य आणि मुलांचे शिवार

आश्विन वद्य द्वादशीला शहरांत वसुबारस असते. सह्याद्रीच्या कुशीतील अकोले, इगतपुरी, जुन्नर या भागांत महादेव कोळी व ठाकर वस्त्यांवर त्याच दिवशी वाघबारस असते. गावच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे असते : शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी फळी, तीवर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. गुराखी मुले घरोघर फिरून शिधा जमवतात आणि ठाण्यापाशीच रांधतात. काही गावांत त्यानंतर एक मुलगा वाघ होतो, दुसरा अस्वल, तिसरा कोल्हा. बाकीचे त्यांना पिटाळत नेतात आणि विचारतात, 'पुन्हा आमच्या शिवारात येशील का?' वाघ झालेला मुलगा 'नाही, नाही' म्हणत रानाकडे पळतो. एवढेच. त्याला नेपथ्य लागत नाही आणि प्रेक्षक म्हणून वेगळे कोणी उरत नाही.

या एका प्रश्नाभोवती आम्ही सातवीच्या वर्गात मराठी आणि भूगोल या विषयांचे सहा तास एकत्र करून वर्गनाट्याचा पाठ घेतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याची मांडणी पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

निवासी शाळा ही मुलाला शिक्षण देते, त्याचबरोबर त्याला गावापासून दूरही नेते. दहा महिने वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला भागाकार येतो, पण घरामागच्या ओहोळाचे नाव हळूहळू विसरायला होते. ही गोष्ट किती टोकाला जाऊ शकते हे कॅनडाने पाहिले आहे. तेथे शतकाहून अधिक काळ मूलनिवासींची सुमारे १,५०,००० मुले निवासी शाळांत ठेवली गेली आणि त्यांची भाषा मोडून काढण्यात आली; तेथील सत्य व समेट आयोगाने २०१५ साली त्याला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले. आपल्या शाळेचा हेतू त्याच्या नेमका उलट आहे. पण हेतू चांगला असला म्हणून ओहोळाचे नाव आपोआप लक्षात राहत नाही. त्यासाठी वेळापत्रकात जागा काढावी लागते.

महाराष्ट्रात या विचाराला जुनी वाट आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. वारली मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर कुरणशाळा भरली. मुलाचे जगणे हाच पाठाचा आरंभ, ही दृष्टी आम्ही तेथून घेतली आहे.

येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. स्नेहसंमेलनांत 'आदिवासी नृत्य' या नावाखाली पानांचे घागरे, डोक्याला पिसे आणि तोंडावर पांढरे ठिपके असा जो प्रकार सर्रास दिसतो, तसा पोशाख आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या आजोबांनी घातलेला नाही. टाळ्या मिळतात, ज्याच्या नावाने हे चालते ते मूल मात्र मान खाली घालून मागच्या रांगेत उभे राहते. वर्गनाट्यात आम्ही पोशाख वापरत नाही. मुखवटेही करीत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील सोंगे आणि मुखवटे यांना देवत्वाचा मान असतो. पुठ्ठ्यावर त्यांची नक्कल काढणे आम्हांला योग्य वाटत नाही. लग्नात धवलेरीने म्हणावयाची गाणीही आम्ही वर्गात आणत नाही. कोणती गोष्ट वर्गात आणावी, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरते.

पाठाची सुरुवात सुट्टीत होते. मुले आजी-आजोबांकडून तीन गोष्टी विचारून आणतात : आपली शीव कोठून कोठे जाते, तिच्यावर काय आहे, आणि तेथे काय करायचे नाही. परत आल्यावर सभागृहाच्या फरशीवर खडूने शिवार आखले जाते. वहाणा म्हणजे घरे, ओढणी म्हणजे ओढा, हिरड्याच्या फांद्या म्हणजे देवराई. एरवी वर्गात न बोलणारी मुले येथे शिक्षकांना अडवतात : 'सर, तिथून नका जाऊ, ती वरईची जागा आहे.' या आखणीलाच दोन तास लागतात आणि ते लागू द्यावेत. ज्यांचे गाव डोंगरात नाही, त्या मुलांना आम्ही शिवारातले पाहुणे करतो. पाहुण्याने विचारायचे, यजमानाने सांगायचे. सगळे संवाद मुले घरच्या बोलीत करतात. शुद्ध-अशुद्धाची लाल शाई या सहा तासांत बंद असते.

मग प्रश्न येतो. पहिल्या वेळी वाघ रीतीप्रमाणे 'नाही' म्हणून पळतो. दुसऱ्या वेळी वाघाची भूमिका शिक्षक घेतात आणि पळत नाहीत. 'नाही येणार. पण मग जाऊ कोठे?' वर्ग थांबतो. कोणी म्हणते, वरच्या रानात जा. तेथे धरणाचे पाणी आहे, असे दुसराच कोणी सांगतो. पलीकडच्या गावाचे शिवार सुचवले की त्या गावची मुले उठून उभी राहतात. गेल्या खेपेस वाघाने विचारले, 'मी उसात राहिलो तर?' त्यावर एक मुलगी म्हणाली, 'राहा, पण रात्री कोंबडीला हात लावू नको, आणि आम्ही पहाटे पाणी धरायला जातो तेव्हा वाटेवर बसू नको.'

तिच्या बोलण्यात भाबडेपणा नव्हता. अकोल्याच्या शेतीभागात झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की, जंगल नसलेल्या त्या परिसरात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे होते. म्हणजे शिवेवरचा करार रोजच पाळला वा मोडला जात आहे. गावकऱ्यांच्या बोलण्यात वाघोबा या एका नावात वाघ आणि बिबट्या दोन्ही येतात, हेही भूगोलाच्या तासाला येथेच समजते.

पाचव्या तासाला आम्ही व्याघ्र जातक घेतो. पाली जातकांत ते २७२ वे. एका रानात सिंह आणि वाघ राहत. त्यांनी टाकलेल्या मांसाची दुर्गंधी येते म्हणून एक वृक्षदेवता, बोधिसत्त्वाचे न ऐकता, त्यांना हाकलून देते. त्यांचा माग दिसेनासा होताच माणसांची भीती जाते आणि ती झाडे तोडू लागतात. घाबरलेली देवता वाघ-सिंहांना परत बोलावते. ते येत नाहीत, आणि रान संपते. ही कथा वाघबारशीनंतरच घ्यावी, आधी नाही. 'येशील का?' हाच प्रश्न मग उलट्या तोंडाने विचारावा लागतो, आणि काल वाघाला पिटाळणारी मुले आज त्याची मनधरणी करतात. दोन्ही वेळा 'नाही' म्हणणाऱ्या मुलाचा आवाज वेगळा निघतो. तसे करण्याची सूचना आम्ही कधी दिलेली नाही.

एका पालकांनी आम्हांला विचारले की, बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्यांच्या शाळेत वाघदेव कशासाठी? प्रश्न रास्त आहे. वर्गात पूजा होत नाही. शेंदूर, नारळ, नैवेद्य यांपैकी काहीही येत नाही. पण एखाद्या मुलाच्या आजीचा देव खोडून काढणे हेही या शाळेचे काम नाही. बाबासाहेबांनी स्वतःच्या बुद्धीने तपासून घ्यायला सांगितले. तपासण्यासाठी गोष्ट आधी पूर्ण ऐकावी लागते, आणि ती सांगणाऱ्याला मान वर करून सांगता यावी लागते.

सहाव्या तासाला फरशीवरचे शिवार कागदावर उतरते. आजवरचे हे नकाशे ग्रंथालयाच्या कपाटात गावनिहाय ठेवले आहेत. त्यांत अनेक ओहोळ, खिंडी आणि दरडी अजून बिननावाच्या आहेत, काहींची नावे दोन मुलांनी दोन प्रकारे लिहिली आहेत. त्या गावांतील माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर आपल्या गावचा नकाशा मागून घ्यावा. पेन्सिल कपाटातच ठेवलेली आहे.