समुद्र का चढतो आणि किती वेगाने?



वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत गप्पा रंगतात. त्यात कोणीतरी म्हणतोच, "समुद्र पूर्वीपासूनच चढतोय, त्यात नवीन ते काय?" हे म्हणणे जरा तपासून पाहू.

ते अर्धे खरे आहे. शेवटचे हिमयुग ओसरताना समुद्र सुमारे १२० मीटर चढला. पण त्यानंतर गेली दोन-तीन हजार वर्षे तो जवळपास एका पातळीवर होता. आताची वाढ त्या जुन्या वाढीचे शेपूट नव्हे.

मुख्य कारणे दोन. पहिले, तापलेले पाणी फुगते. काठोकाठ भरलेला हंडा चुलीवर ठेवा, उकळी येण्याआधीच पाणी ओघळू लागते. कोळसा व तेल जाळून पृथ्वीवर जी जादा उष्णता साठली, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने घेतला आहे. दुसरे, जमिनीवरचा बर्फ. तांब्यात तरंगणारा बर्फ विरघळला तरी पाणी चढत नाही. बाहेरचा खडा आत टाकला तर चढते. ग्रीनलंड, अंटार्क्टिका आणि डोंगरांवरच्या हिमनद्या म्हणजे असा बाहेरचा खडा.

तिसरे कारण लहान, पण आपल्या बांधावरचे. बोअरमधून उपसलेले पाणी वाफेने, पावसाने, नदीने फिरत बरेचसे शेवटी समुद्रालाच मिळते. उलट धरणे पाणी अडवून ठेवतात. हा जमा-खर्च शास्त्रज्ञ दोन्ही बाजूंनी मांडतात.

आता वेग. १९०१ ते १९७१ या काळात वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर, १९७१ ते २००६ मध्ये १.९ आणि २००६ ते २०१८ मध्ये ३.७ मिलिमीटर. वाद होतो तो एखाद्या वर्षावरून. २०१०-११ मध्ये पातळी सुमारे ५ मिलिमीटर उतरली होती, कारण ऑस्ट्रेलियासारख्या भूभागांवर अतोनात पाऊस पडून पाणी तिथेच थांबले. पुढे ती घट भरून निघाली. एका दिवसाच्या उताऱ्यावरून आपण हंगाम ठरवतो काय? तसेच हे.

मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाते. अशा लांबलचक नोंदींमुळेच हा हिशेब लागला.

समुद्र आपल्यापासून लांब आहे खरा. पण बोअरचे गेलेले पाणी समुद्रातून परत उपसता येत नाही. ठिबकचा विचार करताना एवढे ध्यानात ठेवावे.