आठ बाइटांचे तुकडे आणि थांबलेले यंत्र

संगणकावरील हल्ला म्हटला की माहितीची चोरी आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु काहीही न चोरता नुसती सेवा बंद पाडणे, हाही एक प्रकार आहे. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडले, तर विद्यार्थ्याचे नुकसान चोरीहून कमी असे कोण म्हणेल? १७ जून २०१९ रोजी ‘सॅक पॅनिक’ या नावाने जाहीर झालेला दोष याच जातीचा. नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीतील जोनाथन लूनी यांनी तो शोधून काढला.

दोष होता लिनक्सच्या कर्नेलमध्ये. कर्नेल (लष्करातला कर्नल नव्हे!) म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा. साधा प्रोग्राम कोसळला तर तेवढाच बंद पडतो. गाभा कोसळला तर सारे यंत्रच थांबते.

आता हिशेब पाहू. टीसीपीच्या नियमांनुसार मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. मोठ्यात मोठा तुकडा केवढा चालेल, हे समोरचा पक्ष आरंभीच सांगतो. लिनक्स ही मर्यादा ४८ बाइटांपर्यंत खाली येऊ देत असे. त्यांतले ४० ऐच्छिक नोंदींत गेले की मजकुराला उरतात अवघे ८. वाटेत तुकडे हरवल्यास ‘हे मिळाले, ते नाही’ अशी निवडक पोच देता येते, हीच ‘सॅक’. अशी पोच आली की कर्नेल शेजारचे गठ्ठे एकत्र बांधतो. एका गठ्ठ्यात ३२ किलोबाइटांचे १७ भाग, म्हणजे ५,५७,०५६ बाइट मावतात. आठाने भागले की तुकडे होतात ६९,६३२. ही संख्या लिहिण्याची जागा मात्र १६ बिटांची. तीत ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावतच नाही. तो फिरून लहान होतो.

पुढचा भाग मला अधिक विचार करण्याजोगा वाटतो. कर्नेल हा हिशेब तपासत होता! विसंगती दिसताच, चुकीच्या आकड्यावर काम रेटण्यापेक्षा थांबलेले बरे, म्हणून त्याने स्वतःच यंत्र थांबविले. पहारेकऱ्याचा सावधपणाच हल्लेखोराच्या कामी आला. त्याला ना परवलीचा शब्द लागला, ना आत शिरावे लागले. दुरून धाडलेल्या पोचपावत्यांची मालिका पुरेशी होती.

२००९ सालच्या २.६.२९ या आवृत्तीपासून हा दोष तसाच राहिला होता. दुरुस्ती तशी लहानच: गठ्ठे बांधण्यापूर्वी संख्या मर्यादेत राहते ना, हे पाहणे. ज्यांना ती लगेच बसविता येत नव्हती, त्यांना सॅकच बंद ठेवण्याचा तात्पुरता उपाय सुचविण्यात आला. मात्र मग तुकडे हरवणाऱ्या वाटेवर, पोचलेला मजकूरही पुन्हा पाठविण्याची पाळी येऊ शकते.