मेंदूविज्ञानाची वाट फक्त ‘नीट’मधून जात नाही

मेंदूचं कुतूहल आहे, पण एमबीबीएस होणार नाही किंवा व्हायचंच नाही, अशा मुलामुलींच्या घरात एकच प्रश्न घुमत असतो: ‘मग पुढे काय?’ मज्जापेशींचे विद्युत संकेत टिपणारी आणि त्यांना उद्दीपन देणारी साधनं घडवणं, हे त्याचं एक भक्कम उत्तर आहे.

काम काय असतं?
मज्जापेशीचा एक संकेत जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो. पेशीबाहेरून मोजला तर तो मायक्रोव्होल्टमध्येच भरतो. तो पकडायला प्रत्येक चॅनलवर, म्हणजे नोंदीच्या प्रत्येक मार्गावर, सेकंदाला साधारण ३०,००० नोंदी घेतात. मेंदूत घालायच्या ‘न्यूरोपिक्सेल्स’ या सुईसारख्या प्रोबवर एका वेळी ३८४ चॅनल चालतात, म्हणजे तासाभरात सुमारे ८३ जीबी डेटा. इथे जीवशास्त्राइतकीच इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंगची गरज पडते.

खुल्या साधनांचा फायदा
अशी यंत्रणा विकत घेणं लहान प्रयोगशाळांना परवडत नसे. अमेरिकेत जॉश सीगल आणि याकोब फोइग्ट्स या संशोधक विद्यार्थ्यांनी ‘ओपन इफिज’ हा प्रकल्प सुरू केला आणि सर्किटचे आराखडे व कोड सर्वांसाठी खुले ठेवले. उद्दीपनाचे पल्स अचूक वेळेवर देणारं ‘पल्स पाल’, विश्लेषणासाठी पायथॉनमधलं ‘स्पाइकइंटरफेस’ हीसुद्धा खुली साधनं आहेत. त्यामुळे नगर किंवा नांदेडच्या विद्यार्थ्यालाही तोच कोड वाचता येतो, त्यातली चूक शोधून दुरुस्ती पाठवता येते. ही दुरुस्ती त्याच्या नावावर, कोणालाही तपासता येईल अशी राहते.

शिक्षण कुठे?
इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन किंवा बायोमेडिकलमध्ये बीई हा एक रस्ता. दुसरा पुण्याच्या आयसरसारख्या संस्थेतल्या पाच वर्षांच्या बीएस-एमएसचा. त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पुढे संशोधनासाठी बंगळूरची आयआयएससी आणि एनसीबीएस, मुंबईची टीआयएफआर, मानेसरचं एनबीआरसी आहे.

सुरुवात कशी करावी?
पायथॉन शिका. प्रयोगशाळांनी खुला केलेला डेटा उतरवून त्यातले संकेत वेगळे काढून पाहा. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्जच्या ‘बायोअँप ईएक्सजी पिल’ या सेन्सरने स्वतःच्या स्नायूंचे संकेत टिपता येतात; मात्र ते टिपताना लॅपटॉप चार्जरला जोडू नका, बॅटरीवरच चालवा. डोक्याला विद्युत उद्दीपन देण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नये. ते काम प्रशिक्षित माणसांचं आणि नैतिकता समितीच्या (एथिक्स कमिटी) परवानगीचं आहे.

पालकांसाठी
संशोधक व्हायचं तर पीएचडीची पाच-सहा वर्षं धरावीच लागतात. पैसा उशिरा येतो. मात्र मधेच वाट बदलली तरी सिग्नल प्रोसेसिंग, सर्किट डिझाइन आणि प्रोग्रामिंग वैद्यकीय उपकरणांच्या उद्योगात उपयोगी पडतात. म्हणून ‘स्कोप’ विचारण्याआधी मुलाला सहा महिने एक छोटा प्रकल्प करू द्या. अडलेल्या जागी तो पुन्हापुन्हा स्वतःहून बसत असेल, तर या क्षेत्रासाठी लागणारी चिकाटी त्याच्यात आहे.