पालक, रिकोटा आणि मुतखडा

उत्तर इटलीतल्या पार्मा शहरात 23 जूनला, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री, लोक उघड्यावर टेबलं मांडून तोर्तेल्ली खातात. मैदा आणि अंड्यांची पातळ पारी, आत उकडून पिळलेली पालेभाजी, रिकोटा आणि किसलेलं पार्मेझान, वरून वितळलेलं लोणी. पार्मात ही भाजी बीटाच्या जातीची असते, इतर ठिकाणी पालक. पालक-रिकोटाची रॅव्हिओली आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत मिळते आणि परदेशातल्या मराठी घरांतल्या फ्रिजमध्येही असते.

मुतखडा होऊन गेलेल्यांना ती खाताना धास्ती वाटते. पालक आणि चीज, दोन्ही एकाच घासात! पालक-पनीरबद्दलही हीच शंका येते. या धास्तीतला निम्मा भाग खरा आहे, निम्मा चुकीचा.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि पालकात ऑक्झलेट भरपूर असतं, हे खरं. चूक आहे ती कॅल्शियमला घाबरण्यात. खड्यात कॅल्शियम सापडतं म्हणून दूध, दही, पनीर बंद करा, असं एके काळी डॉक्टरच सांगत. या सल्ल्याची कसून परीक्षा झाली ती पार्माच्याच विद्यापीठात. लोरिस बोर्घी आणि सहकाऱ्यांनी वारंवार खडे होणारे आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे 120 पुरुष निवडले. साठ जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्या साठ जणांचं कॅल्शियम नेहमीइतकंच ठेवलं, मीठ आणि मांसाहार मात्र कमी केला. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या 23 जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटातल्या फक्त 12 जणांना. हे निष्कर्ष 2002 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले.

कारण आतड्यात आहे. जेवणातलं कॅल्शियम तिथेच ऑक्झलेटला पकडतं आणि दोन्ही शौचावाटे निघून जातात. कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडापर्यंत पोचतं. म्हणून पालक खायचाच असेल तर रिकोटा किंवा पनीरसोबत खाणं नुसत्या पालकापेक्षा बरं. याचा अर्थ मनसोक्त खावा असा मात्र नाही. बोर्घींच्या दोन्ही गटांना पालकासारखे पदार्थ जपून खायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. पालक उकळून पाणी टाकून दिलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं. त्यासोबत थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं, पण खडे होणाऱ्याने हा तोटा सोसावा.

लोहासाठी हा पदार्थ खाणाऱ्यांची मात्र निराशा होईल. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात साधारण 2.7 मिलिग्रॅम लोह असतं. युरोपात रॅव्हिओलीच्या पाकिटावर पालकाचं प्रमाण छापावं लागतं. ते दहा टक्के असेल, तर 250 ग्रॅमच्या पाकिटातलं निम्मं खाल्ल्यावर पोटात जातो साडेबारा ग्रॅम पालक, म्हणजे 0.3 मिलिग्रॅमच्या आसपास लोह. भारतीय स्त्रीसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) 2020 ची शिफारस रोज 29 मिलिग्रॅमची आहे. त्यातही चीजमधलं कॅल्शियम लोहाचं शोषण कमी करतं. पांढऱ्या सॉसऐवजी टोमॅटोचा सॉस आणि वर लिंबू पिळलं तर थोडी मदत होते. रक्त कमी असलेल्या बाईने लोहाची गोळी या जेवणासोबत घेऊ नये, दोन तासांचं अंतर ठेवावं.

या पदार्थाची खरी कमाई प्रथिनांची आहे. रिकोटा चीज काढून उरलेल्या निवळीतून होतो. गव्हाच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, निवळीच्या प्रथिनात ते भरपूर असतं. पारी आणि सारण एकमेकांची उणीव भरून काढतात. कॅल्शियमही रिकोटाचंच मोजावं. पालकातलं जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं पाव हिश्शाहून जास्त.

मीठ पाहायला विसरू नये, कारण जास्त मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. पाकिटावर शंभर ग्रॅममागे एक ग्रॅम मीठ असेल, तर पूर्ण 250 ग्रॅम खाल्ल्यावर अडीच ग्रॅम होतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमपेक्षा कमी आहे.

शाकाहारी मंडळींनी घटकांची यादी वाचावी. पारीत बहुधा अंडं असतं, आणि अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. घरी करताना अंड्याविना रवा-मैद्याची पारी, ताजं पनीर, घट्ट पिळलेला पालक आणि चिमूटभर जायफळ पुरे.

रक्त पातळ करणारी वॉर्फरिन किंवा असेनोकौमारॉल घेणाऱ्यांसाठी प्रश्न के जीवनसत्त्वाचा आहे. ते पालकात खूप असतं आणि या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. पालक पूर्ण सोडायची गरज नसते. आठवड्याला जेवढा खाता, साधारण तेवढाच खात राहावा, आणि प्रमाण बदलायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगून आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून घ्यावा.