रंग लावण्याआधी बघा

“मॅडम, आता यावर हत्ती बसवला तरी काही होणार नाही.” सायकल ताब्यात देताना दुकानदाराचे हे शब्द होते. हँडलखालच्या हेड ट्यूबच्या मागे, तिथून पेडलकडे उतरणाऱ्या डाउन ट्यूबच्या खालच्या अंगाला गेलेला तडा त्याने वेल्डिंग करून भरला होता. रंग कंपनीच्या रंगाशी असा जुळवला होता की जोड कुठे आहे तेही कळत नव्हतं. त्या रंगाचे त्याने वेगळे पैसे घेतले.

काम देतानाच मी त्याला दोन प्रश्न विचारले होते. फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, मग वेल्डिंगनंतर हीट ट्रीटमेंट कोण करणार? आणि आधी वॉरंटीसाठी कंपनीकडे पाठवावी का? चाकणच्या कारखान्यात क्वालिटी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, हे प्रश्न मी उगाच विचारत नाही. पहिल्यावर उत्तर आलं, “आमचा माणूस सगळं करतो.” दुसऱ्यावर, “कंपनी तुम्हाला नुसतं लटकवेल.” दोन्ही उत्तरं खोटी होती.

मुलगी त्या सायकलवरून कॉलेजला जायला लागली. एका संध्याकाळी म्हणाली, “आई, उतारावर हँडल एका बाजूला ओढतं.” रविवारी सायकल धुवायला घेतली. जोडाच्या कडेने रंगात केसाएवढी रेघ दिसली. नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा सुटून आला आणि खाली निघाली लांबी! गाडीच्या पोचलेल्या पत्र्यावर भरतात तीच. ब्लेडने सगळी काढली. आत वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे, त्यात बारीक भोकं, आणि गोळ्यांच्या कडेने नळीला वळसा घालत निघालेला नवा तडा. जुन्या तड्यापेक्षा लांब. चांदणी चौकाचा उतार माझी मुलगी रोज या जोडाच्या भरवशावर उतरत होती. त्या माणसाला तडा झाकायचा होता आणि त्याने तो नीट झाकला, हे मला तिथे, हातात ब्लेड असताना कळलं.

दुकानात गेले तर, “खड्ड्यात घातली असेल.” मग, “वेल्डिंगला गॅरंटी नसते, हे सगळ्यांना माहीत असतं.” लांबीबद्दल विचारलं तर, “फिनिशिंगला लागतेच ती.” मी बोलत असताना तो माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तुम्हीच समजवा यांना.” मी त्याला वेल्डरला फोन लावायला लावला. हीट ट्रीटमेंट केली का, असं विचारल्यावर पलीकडून आवाज आला, “ते काय असतं?” तरीही दुकानदाराने माफीचा एक शब्द काढला नाही. मग कंपनीला लिहिलं, तर त्यांनी फोटो पाहून कळवलं की वेल्डिंग झालेल्या फ्रेमला वॉरंटी लागू नाही.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींची फ्रेम पोलादी असायची, नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडाच्या खोबणीत, बसवून पितळेने ब्रेझ केलेल्या. अशा फ्रेम गावोगावच्या मिस्त्र्यांनी गॅसवर जोडल्या आणि त्या वर्षानुवर्षं चालल्या. तोच हात आता ॲल्युमिनियमवर चालवला जातो. ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम कारखान्यातल्या उष्णता प्रक्रियेमुळे मजबूत झालेलं असतं. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारच्या पट्ट्यात ती मजबुती जवळपास निम्म्यावर येते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम साधारण ५३० अंश सेल्सिअसला तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा १७५ अंशांच्या आसपास काही तास ठेवावी लागते. विझवताना फ्रेम वाकते, म्हणजे ती सरळ करणंही आलं. एवढी भट्टी कोणत्या सायकल दुकानात आहे?

म्हणून सांगते.

तडा दिसला की सायकल चालवणं बंद करा. लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर फ्रेम पोलादी आहे. अशी फ्रेम जाणकार माणसाकडून ब्रेझिंग किंवा टिग वेल्डिंगने नीट दुरुस्त होते, नळीसुद्धा बदलता येते. ग्रिलवाल्याच्या काडीच्या वेल्डिंगला मात्र देऊ नका. चांगल्या पोलादी फ्रेमची नळी मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षा पातळ असते, तिला भोक पडतं. चुंबक चिकटला नाही आणि फ्रेम ॲल्युमिनियमची निघाली, तर ती बदला. कार्बनची असेल तर त्यातच काम करणाऱ्याकडे न्या, कारण आतले थर सुटलेले वरून दिसत नाहीत. पुढचा चिमटा कशाचाही असो, तडकला की फेकायचा. तो मोडला तर माणूस थेट तोंडावर पडतो.

कोणाचाही हात लागण्याआधी तड्याचे आणि पेडलच्या आसाखालच्या (बॉटम ब्रॅकेट) सीरियल नंबरचे फोटो काढा, बिल शोधा आणि कंपनीला लिहा. अनेक कंपन्या पहिल्या मालकाला फ्रेमवर वॉरंटी देतात. एकदा वेल्डिंग झालं की तो रस्ता बंद.

जोडकाम झालं की रंग लावण्याआधी स्वतः जाऊन बघा. “रंग लावून टाकलाय” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. डाय पेनेट्रंटचे तीन डबे इंडस्ट्रियल सामानाच्या दुकानात मिळतात. जागा क्लीनरने स्वच्छ करा, लाल पेनेट्रंट मारा, दहा-पंधरा मिनिटांनी कापडाने पुसा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारा. पृष्ठभागावर तडा उरला असेल तर लाल रेघ उमटते. मग दोऱ्याची परीक्षा घ्या. मागचं चाक जिथे बसतं त्या एका ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि दोन्ही बाजूंना सीट ट्यूबपासूनचं अंतर मोजा. त्यात दोन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर फ्रेम वाकडी आहे.

बिलावर धातू, वेल्डिंगचा प्रकार आणि हमी लिहून घ्या. घाई करू नका. स्वस्तातलं काम बघून भुलू नका. आणि फसवणूक झाली तर गप्प बसू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्कही लागत नाही. मी तक्रार केली आहे आणि ती मागे घेणार नाही.

शेवटी त्या दुकानदाराने काय सुचवलं असेल? “फ्रेम मला द्या, काहीतरी देतो.” म्हणजे पुन्हा लांबी, पुन्हा रंग आणि पुढचं गिऱ्हाईक. मी ती घरी आणली, हॅकसॉने तिच्या सगळ्या नळ्या कापल्या आणि मगच भंगारात दिली. तुम्हीही तसंच करा. मोडकी फ्रेम अख्खी कुणाच्या हाती देऊ नका. ती रंगून कुणाच्या तरी मुलाखाली जाईल.