नवशिक्याचा पाठ आणि जाणत्याचा अभिप्राय

चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत अभ्यासाला बसणाऱ्या मुलांच्या पुढ्यात पूर्वी नुसती जाडजूड पुस्तके असत. आता शेजारी लॅपटॉपही उघडलेला असतो. तिकडे अमीरपेठेत संगणकाचे वर्ग दाटीवाटीने चालतात, आणि आपल्या घराघरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी वेबपाने तयार करण्याची विद्या शिकत असते. त्यांपैकी काही जण एक स्तुत्य गोष्ट करतात. आपल्याला जे नुकतेच उमगले, ते मागून येणाऱ्यांसाठी पाठाच्या रूपाने लिहून काढतात. मग तो पाठ ओळखीच्या जाणत्या माणसापुढे येतो : “काका, जरा पाहून सांगा ना, कसा झालाय?” या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पाठात एक पायरी गळली, तर घरी एकट्याने शिकणारा मुलगा तेथेच अडतो. दोष पाठाचा आहे हे त्याला कळत नाही. ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असे समजून तो विद्येलाच रामराम ठोकतो. दुसरे असे की, पाठातील चूक पाठातच राहत नाही. २०१७ साली काही संशोधकांनी पीएचपी या भाषेतील ६४,४१५ प्रकल्प तपासले. लोकप्रिय पाठांतील सदोष नमुन्यांशी मिळत्याजुळत्या अशा ११७ धोक्याच्या जागा त्यांना सापडल्या. आणि त्यांतील ८ तर एकाच सदोष पाठातून उतरवून घेतलेल्या होत्या. गुरूची चूक शिष्याच्या वहीत जाते म्हणतात, ती अशी.

तेव्हा “छान आहे, लिहीत राहा” एवढेच म्हणून सुटका करून घेणे हा अभिप्राय नव्हे. उलट, “ही पद्धत आता कोणी वापरत नाही, अमुक साधन घ्यायला हवे होते,” असे स्वतःच्या ज्ञानाचे प्रदर्शन करणे हाही अभिप्राय नव्हे. पहिल्याने लेखकाला काही मिळत नाही. दुसऱ्याने तो पुन्हा लेखणी उचलीत नाही.

मग करावे काय? पाठ नुसता वाचू नये. स्वतःच्या हाताने करून पाहावा. जाणत्या माणसाची अडचण अशी, की गळलेली पायरी त्याचे मन आपोआप भरून काढते. म्हणून मुद्दाम अडाणी व्हावे. पाठात सांगितले तेवढेच करावे, न सांगितलेले काहीही करू नये, आणि जेथे थांबावे लागेल तेथे खूण करावी.

एक उदाहरण घेऊ. पाठात लिहिले आहे : “नोटपॅडमध्ये हा मजकूर लिहा, फाइल साठवा आणि ब्राउझरमध्ये उघडा.” वाक्य सरळ आहे, पण नोटपॅड फाइलीच्या नावामागे ‘टीएक्सटी’ हे आपले शेपूट जोडू शकते, आणि विंडोजमध्ये अशी शेपटे सहसा दिसत नाहीत. मुलगा फाइलीवर टिचकी मारतो, तर पुन्हा नोटपॅडच उघडते. जाणता येथे अडत नाही, कारण त्याची बोटे सवयीने योग्य ते नाव देतात. नवशिका मात्र तासभर डोके धरून बसतो.

दुसरे उदाहरण आपल्या भाषेचे. पानाच्या शिरोभागात अक्षरांचा संकेत ‘यूटीएफ-८’ आहे, अशी एक ओळ लिहावी लागते. पाठात नमुना म्हणून इंग्रजी मजकूर असेल तर ती ओळ नसूनही काम भागते. मुलाने तेथे ‘नमस्कार’ लिहिले, की पडद्यावर भलतीच चिन्हे उमटू शकतात. कारण असे, की या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांनी साठवले जाते. ब्राउझरने संकेत चुकीचा धरला, तर एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र चिन्हे दिसतात. मराठी वाचकासाठी लिहिलेल्या पाठात ही ओळ गळणे ही मोठी उणीव समजावी.

आता दोषांचे वजन ठरवावे; सर्व दोष सारखे नसतात. समजा, पाठात नाव भरण्याचा तक्ता आहे आणि भरलेला मजकूर जसाच्या तसा माहितीसाठ्याच्या आज्ञेत जोडला आहे. एखाद्या दुष्टाने नावाऐवजी आज्ञेचाच तुकडा लिहिला, तर यंत्र तोही पाळू शकते, आणि सारी माहिती परक्याच्या हाती जाते. आज्ञा वेगळी व भरलेला मजकूर वेगळा पाठवावा, हा त्यावरचा उपाय. असा दोष आधी व स्पष्ट शब्दांत सांगावा. येथे भिडस्तपणा कामाचा नाही. जुनेपणाही तपासावा : पीएचपीतून माहितीसाठ्याकडे जाण्याची जुनी ‘मायएसक्यूएल’ फलने २०१५ च्या सातव्या आवृत्तीतून काढून टाकली गेली, तरी जुन्या पाठांतून ती अजून भेटतात. परंतु ओळीची सुरुवात किती जागा सोडून करावी, रंग कोणता घ्यावा, या आवडीनिवडीच्या गोष्टी. त्या शेवटी सांगाव्यात, किंवा सांगूच नयेत.

या कामी आयआयटी मुंबईचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तेथे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. सुमारे दहा मिनिटांची एकेक चित्रफीत. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी, पण समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत. गावातील मुलाने शिक्षकावाचून शिकावे हा हेतू. म्हणून तेथे पाठाची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी तज्ज्ञाला दाखवतात, तशीच त्या विषयात कोऱ्या असलेल्या माणसाकडूनही तपासून घेतात. कोरा माणूस अडला, तर संहिता सुधारायची. तज्ज्ञ पाठ खरा आहे की नाही ते सांगतो. तो चालतो की नाही, हे नवशिकाच सांगू शकतो. आपणही पाठ एखाद्या भाच्यापुतणीच्या हाती द्यावा, शेजारी गप्प बसावे आणि ती कोठे थबकते ते पाहावे. मध्ये बोलण्याचा मोह मात्र आवरावा.

राहता राहिली सांगण्याची रीत. “तुझा पाठ समजत नाही” असे मोघम बोलू नये. नमुन्यादाखल एक अभिप्राय देतो :

“तुझा पाठ मी घरी करून पाहिला. ब्राउझर म्हणजे काय हे तू टपालाच्या उदाहरणाने सांगितले आहेस, ते मला फार आवडले. ते तसेच ठेव. तिसऱ्या पायरीशी मी अडलो : फाइलीचे पूर्ण नाव कसे द्यावे ते लिहिलेले नाही. सहाव्या पायरीतील माहितीसाठ्याची आज्ञा धोक्याची आहे. कारण भेटीत सांगतो, पण ती बदलल्याशिवाय पाठ कोणाला देऊ नकोस. बाकीच्या बारीकसारीक गोष्टी सावकाश पाहू.”

यात स्तुती आहे, पण ती नेमक्या जागेची आहे. दोष आहे, तोही पायरीच्या क्रमांकासह. आणि दुरुस्ती लेखकाच्याच हाती ठेवली आहे. आपण पाठ पुन्हा लिहून दिला, तर तो आपला होतो आणि मूळ लेखक काही शिकत नाही.

आणखी एक ध्यानात घ्यावे. नुकताच शिकलेला मनुष्य लिहितो तेव्हा त्याला कोठे ठेच लागली होती, याची आठवण ताजी असते. वीस वर्षे हे काम केलेल्याला ती राहत नाही. म्हणून नवशिक्याच्या पाठाला त्याची अशी किंमत आहे, आणि तो सुधारून टिकवणे हे आपले काम आहे. विद्यादान करणारे पुष्कळ असतात. दिलेली विद्या घेणाऱ्यापर्यंत धड पोहोचली की नाही, हे पाहणारा क्वचितच भेटतो. पुढच्या वेळी कोणी “काका, जरा पाहून सांगा ना” म्हणत आला, तर चष्मा लावून नुसते वाचू नका. संगणक सुरू करा आणि पहिल्या पायरीपासून आरंभ करा.